गोड्या पाण्यानं धुतलेलं छप्पर

माझा स्वभाव चौकस आहे. नवरा त्याला भोचक म्हणतो, पण मी आपला चौकस हाच शब्द धरून ठेवलाय. कुणाच्या दाराला भर दुपारी कुलूप दिसलं की हे लोक गेले कुठे, शेजारणीनं एकाऐवजी दोन नारळ घेतले की दुसरा कशाला, असे प्रश्न मला पडतात आणि उत्तर मिळेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. भाईंदरलाच इंद्रलोक वस्तीत आमचं स्वतःचं घर झालं, त्याआधी आम्ही खारीगावात भाड्यानं राहायचो. तिथल्या आमच्या घरमालकांनी माझ्या या स्वभावाची जेवढी परीक्षा पाहिली तेवढी कुणीच पाहिली नाही. म्हणजे ते बिचारे काही करत नव्हते. ते फक्त गाडी धूत होते.

सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. खरं तर दोघं माझ्या आईवडिलांच्या वयाची. दादा अस्सल आगरी. बुटका, काळासावळा, काटक माणूस, अंगात बाराही महिने बनियन आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. तरुणपणी त्यांनी मिठागरावर काम केलं, मग टेम्पो घेऊन मिठाची पोती वाहिली. भाताची जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा त्या बदल्यात त्यांना ही तीन मजल्यांची इमारत मिळाली. तळमजल्यावर ते दोघं, वर आम्ही भाडेकरू. मुलगा मीरा रोडला वेगळा राहायचा. दादा-वहिनींच्या बोलण्यात गाडीची गारी व्हायची, कापडाचं कापर व्हायचं आणि अंघोळीची अंघोल. सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. पुढे मीच घरात ‘हाय’ आणि ‘न्हाय’ करायला लागले, तेव्हा नवरा वैतागला.

आणि ती गाडी. दोन दारांची, लालभडक, बसकी. वरचं छप्पर पत्र्याचं नाही, कापडाचं. जाड, फिकट बदामी रंगाचं कापड, आणि आत कुठेतरी एक बटण, ते दाबलं की म्हणे सगळं छप्पर आपोआप मागे दुमडून पोटात जातं आणि गाडी उघडी होते. ‘म्हणे’ अशासाठी की आम्हा भाडेकरूंपैकी कुणी ते पुरतं उघडलेलं पाहिलं नव्हतं. ज्या बिल्डरनं जमीन घेतली त्याच्या मुलाची ती जुनी गाडी. मुलगा परदेशी गेला, गाडी धूळ खात पडली आणि दादांनी ती मागून घेतली. आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं. पाण्याचा टँकर आला की सायकलवाल्यालाही उतरून भिंतीला चिकटावं लागायचं. अशा जागी ही सिनेमातली गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी. दादा तिला आठवड्यातून एकदा पेट्रोल पंपापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. शेजारची सीट कायम रिकामी.

आणि धुणं मात्र असं, की कुणी देवाची मूर्तीही तशी धुणार नाही. पहाटे उन्हं यायच्या आत सुरू. आधी कोरड्या मऊ ब्रशानं छपरावरची धूळ काढायची, तीही कापडाचे धागे ज्या दिशेनं गेलेत त्याच दिशेनं. मग मगानं पाणी. पाइप लावायचा नाही, कारण पाण्याचा जोर कापडात शिरतो. साबण म्हणून लहान बाळाचा शाम्पू. फेस पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पाणी. मग पंचा. पंच्यानं पुसायचं नाही, नुसता दाबायचा आणि उचलायचा. त्यानंतर घरातला टेबलफॅन वायर लांब करून शेडमध्ये आणायचा आणि छपराकडे तोंड करून लावून ठेवायचा. वहिनींच्या स्वयंपाकघरात तो पंखा मी कधी पाहिला नाही. पाच-सहा महिन्यांतून एकदा एक मोठा कार्यक्रम व्हायचा. सगळ्या काचांना आणि लाल पत्र्याला वर्तमानपत्रं चिकटवून दादा छपरावर कसलासा फवारा मारायचे, म्हणजे पाणी आत मुरत नाही. तो वाळला की तांब्यातून चार थेंब शिंपडायचे आणि वरच्या मजल्याकडे बघून हाका मारायचे. ‘ए पोरी, ये, बग कसं पलतंय पानी.’ आम्ही भाडेकरू जिन्यात उभं राहून बघायचो. थेंब गोल होऊन छपरावरून खरंच पळायचे आणि दादांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसायचा की आम्हाला उगाच काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

कुणी छपराला हात लावायला गेलं, कुणाच्या पोरानं त्यावर बॅट टेकवली, की ते एकच वाक्य म्हणायचे. ‘कापर हाय त्ये, पत्रा न्हाय.’ हे वाक्य पुढे ते कशालाही लावायचे. माझ्या नवऱ्याला ऑफिसात साहेबानं झापलं आणि तो तोंड पाडून जिना चढत होता, तेव्हा दादांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, ‘आज त्याला कायपन बोलू नको. कापर हाय त्ये.’

एकदा पाण्यावरून आमची जुंपली. भाईंदरला पाण्याचं काय असतं ते मी सांगायला नको. नळाचं गोडं पाणी ठरल्या वेळी यायचं आणि आम्ही पिंपं भरायचो. बाकी वापराला इमारतीची बोअरिंग, तिचं पाणी खाडीमुळे खारट. त्यानं अंघोळ केली की केस काथ्यासारखे व्हायचे, भांडी पांढरी पडायची. आणि दादांच्या शेडमध्ये एक निळं पिंप, त्यावर झाकण, झाकणावर दगड. माझा चौकस स्वभाव मला गप्प बसू देईना. एका दुपारी मी खाली गेले, दगड उचलला, झाकण सरकवलं, बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं पाणी. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी दादा ओट्यावर बसले होते तिथे जाऊन मी सरळ विचारलं, ‘दादा, आम्ही पोरांना खाऱ्या पाण्यानं अंघोळी घालतो आणि तुमच्या गाडीला गोडं पाणी? आमच्याच लाइनीतलं घेताय ना?’

दारातून वहिनीच म्हणाल्या, ‘तुमच्यातलं कशाला घेतो त्यो? आमच्या वाटणीचं हाय ते. सोता खाऱ्या पान्यानं अंघोल करतो. गारीला मिठाचं बोट लावत न्हाय.’

मी दादांच्या डोक्याकडे पाहिलं. सगळे केस राठ, उभे. इतके दिवस मला वाटायचं हे तेल लावत नाहीत. मग ते हळूहळू सांगू लागले. टेम्पोवर मिठाची पोती असायची, वर ताडपत्री टाकलेली. नवी ताडपत्री एक हंगाम टिकायची. मीठ धाग्यात जाऊन बसतं, दिसत नाही, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून खातं. ताडपत्री ओली असताना घडी घातली तर मग विचारूच नका, दुसऱ्या खेपेला ती हातात तुकड्यांनी यायची. ‘तवाचं सगलं ध्यानात हाय. वलं कापर दुमडायचं न्हाय म्हंजे न्हाय,’ ते म्हणाले. त्यांच्या अंघोळीचं ऐकल्यावर मी बरीच खजील झाले होते, पण मूळ प्रश्न होता तिथेच होता. एवढं जपून ठेवून ही गाडी जाणार कुठे?

कबुतरांची गोष्ट सांगितल्याशिवाय दादांचं चित्र पुरं होणार नाही. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मारवाडी भाभी राहायच्या. त्या रोज सकाळी गॅलरीतून ज्वारी टाकायच्या. कबुतरं यायची, खायची आणि शेडच्या कडेला बसून खाली गाडीवर घाण करायची. पक्ष्याची घाण कापडावर वाळली की रंग जातो, ती खरवडायची नसते, ओलं फडकं ठेवून भिजवून उचलायची असते, हे ज्ञान मला दादांकडून तेव्हाच मिळालं. ते खाली उभे राहून त्यांच्या हिंदीत म्हणायचे, ‘भाभी, दाना उधर मैदान में डालो ना.’

भाभी म्हणायच्या, ‘दादा, धरम का काम है. कबूतर को मैं क्या बोलूँ, उधर बैठो?’

दादांनी पुष्कळ विचार केला. मग त्यांनी स्वतः ज्वारी आणली आणि रोज सकाळी मैदानात जाऊन टाकायला सुरुवात केली. कबुतरांना तिकडेच पोटभर मिळालं तर इकडे येतील कशाला, असा हिशेब. थोडे दिवस ठीक चाललं. पण कबुतरांना दादांची ओळख पटली. दाणे संपले की ती त्यांच्या मागोमाग घरी यायला लागली. पुढे दादा, मागे कबुतरं, असे ते गल्लीतून यायचे आणि भाभी गॅलरीतून हात जोडायच्या. शेवटी त्यांनी शेडला चारी बाजूंनी जाळी मारून घेतली. वहिनी तेव्हा इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

वहिनी घरातून फारशा बाहेर पडायच्या नाहीत. दुकानापर्यंत, देवळापर्यंत, बस. गुडघे दुखायचे, पण ते कारण नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी दादांना विचारून पाहिलं होतं, ‘वहिनींना फिरवून आणा की कधी गाडीतून.’ ते म्हणायचे, ‘नेऊ, नेऊ,’ आणि ब्रश घ्यायचे. मी वहिनींना विचारलं तर त्या मान फिरवायच्या. म्हणजे पाणी इथेच मुरत होतं. मग एका दुपारी वहिनी कोलंबी सोलत होत्या, मी शेजारी बसून मदतीला हात लावला आणि माझं काम झालं.

त्यांची एक मोठी बहीण होती, आक्का. उरणकडच्या गावात दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच वहिनींना वाढवलं, स्वतःच्या लग्नात सुद्धा हिला कडेवर घेऊन उभी होती म्हणे. आता आक्का अंथरुणाला खिळली होती आणि दोघींची भेट होऊन कैक वर्षं झाली होती. कारण वहिनींना बंद गाडीत बसवत नव्हतं.

‘म्हणजे उलटी होते?’ मी विचारलं.

‘उलटी न्हाय. जीव कोंडतो. दार लावलं की वाटतं, आता मना कोनी काढनार न्हाय.’

‘काच उघडी ठेवली तर?’

‘काच उघरी ठेवली तरी डोक्यावर झाकन हायच ना.’

रिक्षात त्यांना काही व्हायचं नाही, रिक्षाला दारं नसतात. पण रिक्षा उरणपर्यंत कोण नेणार? गाड्या बदलत, जिने चढत, बसच्या पायऱ्या चढत जाणं गुडघ्यांना झेपत नव्हतं. पूर्वी टेम्पो होता तेव्हा त्या मागे पोत्यांवर बसून माहेरी जायच्या, वाऱ्यावर, पदर तोंडात धरून. तेच त्यांना आवडायचं. मुलानं एसी गाडी घेतली तेव्हा तिच्यातून आक्काकडे न्यायचा घाट घातला होता. गाडी चेकनाक्यापर्यंतही पोचली नव्हती, तोच वहिनींनी चालत्या गाडीचं दार उघडायला घेतलं. मुलगा घाबरला, गाडी बाजूला घेतली, आणि त्या उतरून फुटपाथवर बसल्या त्या पुन्हा आत चढल्याच नाहीत. दादा त्यांना रिक्षानं परत घेऊन आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ही लाल गाडी आणली.

माझ्या हातातली कोलंबी तशीच राहिली. मी विचारलं, ‘मग तुम्ही बसला का नाहीत?’

वहिनी लाजल्या. खरंच लाजल्या. ‘सगल्या गल्लीसमोर छप्पर उघरलं त्यानं. गारीला हार घातलेला. मना बोलतो, बस. मी काय इलेक्शनला उभी हाय? उघऱ्या गारीत बसून लोकांना हात करू? या वयात?’

आता मला सगळं उमगलं आणि हसावं की रडावं तेच कळेना. छप्पर लावलं तर वहिनींचा जीव कोंडायचा. छप्पर काढलं तर लाज. आणि दादा ते छप्पर गोड्या पाण्यानं धूत बसायचे. मी नंतर त्यांना एकदाच छेडलं, तेव्हा ते म्हणाले, ‘ती कदी बी म्हनंल, चल. त्या येलेला छप्पर अटकलं तर?’ भर दुपारी गल्ली झोपलेली असायची तेव्हा ते शेडमध्ये बटण दाबून छप्पर अर्ध्यावर न्यायचे, सांध्यांना तेल घालायचे, कडेच्या रबराला पावडर लावायचे आणि पुन्हा बंद करायचे. वहिनींना लाज वाटू नये म्हणून कुणाला दिसू द्यायचे नाहीत. मी अर्थातच जिन्याच्या खिडकीतून पाहिलं होतं.

मग दसरा आला. खारीगावात दसऱ्याला वाहनांची पूजा घरच्या बाईच्या हातची. वहिनी आमच्या स्कूटरची, तिसऱ्या मजल्यावरच्या रिक्षाची, पोरांच्या सायकलींची, सगळ्यांची पूजा करायच्या. लाल गाडीची पूजा मात्र दादांच्या देखरेखीखाली. ते छपरावर प्लास्टिक घालून उभे राहायचे आणि वहिनींनी फक्त नंबरप्लेटला कुंकू लावायचं. त्या वर्षी दादा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले होते. वहिनींनी ताटात हळद कालवली. पूर्वी गोठ्यात बैल होते तेव्हा सणाला त्यांच्या पाठीवर हळदीच्या हाताचे थापे मारायची त्यांच्याकडे रीत होती. टेम्पोलाही त्या मारायच्या. जे आपल्या दाराशी बांधलेलं, आपलं, त्याला थापा. इतक्या वर्षांत त्यांनी लाल गाडीला थापा मारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात हळदीत बुडवले, जाळी उघडून आत गेल्या आणि त्या बदामी कापडाच्या बरोबर मध्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. मी जिन्यात उभी होते. मला वाटतं, त्यांचं कधी नव्हे ते त्या गाडीशी बोलणं झालं.

आणि दादा आले.

त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. फुलांची पिशवी टाकून ते ओरडले, ‘डोकं ठिकान्यावर हाय का तुजं? कापर हाय त्ये! वाट लावलीस!’ सगळे भाडेकरू पूजेला खाली जमलेले. वहिनी पिवळे हात तसेच धरून उभ्या राहिल्या, मग आत निघून गेल्या. दादांनी घाईघाईनं पाणी ओतलं. डाग हलेना. मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं, कपड्याचा साबण घेऊन घासला. हळदीला साबण लागला की काय होतं हे कोणत्याही बाईला माहीत असतं, पण मी सांगेपर्यंत उशीर झाला होता. पिवळे थापे लालबुंद झाले. भाभी गॅलरीतून म्हणाल्या, ‘अरे वाह, कुमकुम के हाथ! शुभ है दादा.’ दादा ब्रश हातात धरून नुसते बघत राहिले.

वहिनींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. डबा ओट्यावर ठेवायच्या, चहा ठेवायच्या, शब्द नाही. मला राहवलं नाही. राग आला होता मला. मी शेडमध्ये गेले आणि म्हटलं, ‘दादा, ही गाडी तुम्ही कुणासाठी घेतलीत?’

ते ब्रशातली धूळ झाडत राहिले.

‘ज्यांच्यासाठी घेतलीत त्यांचाच हात लागला ना? पहिल्यांदा लागला. आणि तुम्ही चारचौघांत त्यांच्या अंगावर ओरडलात.’

त्यांनी मान छपराकडे वळवली. डोळे भरून आले होते, ते मला दिसलं आणि माझाही आवाज खाली आला. निघताना मी सांगितलं की हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, गाडी दोन दिवस बाहेर उन्हात लावा. त्यांनी ऐकून घेतलं. पण गाडी काही त्यांनी शेडमधून हलवली नाही. पुढच्या धुण्याला मी पाहिलं, ते थाप्यांच्या भोवतीनं ब्रश फिरवत होते.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मी सकाळी दुधाची पिशवी घेऊन येत होते. दादांचं धुणं चाललेलं. छप्पर चिंब भिजलेलं, अर्ध्या भागावर अजून फेस. एवढ्यात वहिनी बाहेर आल्या. नेसायला चांगलं लुगडं, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हातात कापडी पिशवी. दसऱ्यानंतर दादांशी त्या पहिल्यांदा बोलल्या. ‘आक्काच्या पोराचा फोन व्हता. तिनं अन्न सोरलंय. माजं नाव घेतंय. चल.’

दादा उठून उभे राहिले. ‘थांब, फेस काढतो. पंखा लावतो, लगेच सुकंल.’

‘आक्का थांबंल का सुकंस्तोवर?’

वहिनींनी गाडीचं दार उघडलं आणि त्या आत बसल्या. दार त्यांनीच लावून घेतलं. छप्पर डोक्यावर, चारी बाजूंनी काच. मला बाहेरून दिसत होतं, त्यांचा एक हात छातीवर गेला आणि दुसऱ्यानं त्यांनी दाराची कडी गच्च धरली. तोंड पांढरं पडत चाललं होतं. पण त्या उतरल्या नाहीत. ‘उघर,’ त्या म्हणाल्या.

दादांनी छपराकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मग पलीकडून आत बसले आणि बटण दाबलं. ते ओलं छप्पर फेसासकट वर उचललं गेलं, मधोमध मोडलं आणि मागे जाऊन दुमडलं. घडीतून निघालेलं पाणी मागच्या सीटवर वाहिलं. मी पळत जाऊन दोरीवरचा त्यांचा शर्ट आणून दिला, तो त्यांनी बनियनवर चढवला आणि गाडी सुरू केली. गल्लीतली माणसं दारात आली होती. भाजीवाला म्हणाला, ‘वहिनी, कुठे निघाली सवारी?’ वहिनी सरळ समोर बघत म्हणाल्या, ‘आक्काकरं.’

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. ऑफिसात आकडे चुकले, रात्री भात लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गल्लीत वळली तेव्हा मी अर्ध्या जिन्यात होते. वहिनींचा चेहरा घोडबंदरच्या धुळीनं काळा झालेला, भुवया राखाडी, रुमाल कुठेतरी उडून गेलेला आणि केस चारी दिशांना. उतरायच्या आधीच त्या बोलायला लागल्या. ट्रक किती मोठाले, पुलावरचा वारा कसा, सिग्नलला शाळेच्या बसमधल्या पोरांनी हात केला. ‘मग मी पन केला,’ त्या म्हणाल्या. आक्कानं ओळखलं होतं. हिच्या हातची वाटीभर पेज प्याली होती. मग आक्कानं विचारलं, आलीस कशातून? तिला पोरांनी उचलून दारात आणून गाडी दाखवली, तर ती म्हणाली, मनापन बसवा. तिला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं आणि आक्काच्या पोरासकट चौघं खाडीपर्यंत जाऊन आले. आक्का म्हणे वाटेत झोपली, पण गाडी थांबवली की डोळे उघडायची.

छप्पर गेलं ते गेलंच. रात्रभर ओलं दुमडून राहिलेलं, त्यावर दोन दिवसांची धूळ. परत वर चढवलं तेव्हा घडीवर कायमच्या रेषा आणि काही दिवसांनी काळे ठिपके, कुबट वास. दादा पिंपातून पाणी काढून ब्रश घेऊन बसले होते. वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, ‘आता धूत बसू नको. परवा आक्कानं बोलावलंय.’ दादांनी ब्रश खाली ठेवला.

मग ते सगळी थंडी जात राहिले. कधी आठवड्याला, कधी चार दिवसांनी. आक्का तेवढीच जगली. होळीच्या सुमाराला ती गेली, तेव्हा आम्ही इंद्रलोकला राहायला आलो होतो. बातमी कळली आणि मी रविवारी भेटायला गेले. घराला बाहेरून कडी होती. शेडची जाळी उघडी दिसली म्हणून मी डोकावले. गाडीचं छप्पर मागे दुमडलेलं, आणि दोघं आत बसलेली. इंजिन बंद. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून, वहिनी शेजारी. वहिनींचे डोळे सुजलेले होते.

‘निघालात कुठे?’ मी विचारलं.

‘कुठं न्हाय,’ दादा म्हणाले. ‘हितंच बसलोय. घरात तिला कसंतरी व्हतंय.’

वहिनींनी मागे हात करून सीटवरची उशी सरकवली. ‘ये पोरी, बस. आक्का बसायची तितं.’

मी बसले. सीटला ओल्या कापडाचा वास येत होता. आम्ही तिघं थोडा वेळ तसेच बसलो. वहिनींनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि सरळ झाल्या. दादांनी त्यांच्याकडे पाहून चावी फिरवली.

‘कुठं घेऊ?’ त्यांनी विचारलं.

‘कुठं पन,’ वहिनी म्हणाल्या. ‘चल.’